अकरा झाडांचा अहवाल

आमच्या पोडियमवरची अकराच्या अकरा ख्रिसमस ट्री मी मारली. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी इतक्या विद्वान गोष्टी बोलणार आहे की वाचणाऱ्याला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायचा. सोसायटीतल्या लोकांना वाटला तसा.

परळची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. खाली सहा मजले गाड्यांचे, सातव्यावर पोडियम नावाची मोकळी गच्ची आणि तिच्यावर आम्ही माणसं. पोडियम म्हणजे बिल्डरच्या माहितीपत्रकात जंगल होतं. प्रत्यक्षात मिळाला हिरवळीचा एक पट्टा, दोन बाकं आणि एका रांगेत कमरेएवढी अकरा ख्रिसमस ट्री. मोजूनमापून बसवल्यासारख्या फांद्या आणि त्यांच्यावर पानांऐवजी हिरव्या सुया. पहिले काही महिने ती झाडं खरी आहेत यावर कुणाचा विश्वासच बसेना. नवव्या मजल्यावरच्या एका बाईंनी नख लावून खात्री करून घेतली. बाकीच्यांनी खात्रीबित्री न करता फांद्यांवर मुलांचे ओले मोजे वाळत घातले.

त्या झाडांकडे झाड म्हणून बघणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचा माळी. सिंधुदुर्गातला, पन्नाशी ओलांडलेला. बाप इथल्याच एका गिरणीत होता, आणि ती गिरणी पाडून उभ्या राहिलेल्या मॉलच्या कुंड्यांना ह्याने काही वर्षं पाणी घातलं होतं. मग आमच्याकडे आला. पगार बेताचा, पण पंपाच्या खोलीशेजारची एक दहा बाय आठची खोली त्याला राहायला होती. परळमध्ये दहा बाय आठ म्हणजे काय ते ज्याला कळतं त्याला कळतं. नोकरी गेली की सात दिवसांत खोली सोडायची, असं त्याच्या नेमणूकपत्रात कलमच होतं. पत्र मीच टाइप केलं होतं. ते कलम घालताना मला स्वतःचं कौतुक वाटल्याचंही आठवतं.

मी सरकारी खात्यात आस्थापना शाखेत छत्तीस वर्षं काढली. तिथे मी दोन गोष्टी शिकलो. प्रत्येक घटनेचा अहवाल झाला पाहिजे, आणि अहवालाच्या खाली सही असली तरी अहवालात आपण असता कामा नये. निवृत्तीनंतर सोसायटीने माझी बाग उपसमिती नेमली. मी एकटाच. अध्यक्ष मी, सदस्य मी, इतिवृत्तही मीच लिहायचो. माळी रोज सकाळी मला विचारायचा, "साहेब, आज काय करूचा?" आणि मी गंभीरपणे म्हणायचो, "काल जे केलंस तेच." त्यामुळे बाग उत्तम चालली होती.

मग गणपती आले.

हल्ली घरचे गणपती चौपाटीवर न नेता इमारतीतच विसर्जित करायची पद्धत आमच्याकडेही सुरू झाली. पीओपीची मूर्ती साध्या पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी एक पांढरी पावडर मिळते, ती पाण्यात घालायची, त्यात मूर्ती ठेवायची आणि आठ-दहा दिवस ढवळत राहायचं. मूर्ती विरघळते, तळाशी गाळ बसतो, आणि वरचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. पावडरच्या पिशवीबरोबर सूचनांचा कागद होता. त्यावर ठळक अक्षरात छापलेलं होतं की हे पाणी भरपूर साध्या पाण्यात मिसळूनच झाडांना घालावं. ढवळण्याचं पुण्य मी स्वतःकडे घेतलं होतं. निळे दोन ड्रम, सात घरांचे गणपती. नाकाला रुमाल बांधून मी रोज सकाळी काठी फिरवायचो. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. बघणाऱ्यांना ते भक्तीचं वाटायचं आणि मी तसं वाटू द्यायचो.

दहाव्या दिवशी पाणी तयार झालं. माळी गावच्या गणपतीला गेलेला, अजून परतायचा होता. कागद मी वाचला होता. पण देवाच्या पाण्यात महानगरपालिकेचं पाणी घालायला माझं मन घेईना. तीर्थात कुणी पाणी घालतं का? शिवाय थोडं दिल्याने गुण येतो, तर पुष्कळ दिल्याने पुष्कळ येईल, असा साधा हिशेब. गटारात ओतणं तर शक्यच नव्हतं, पायदळी जाईल. तुळशीच्या आणि जास्वंदीच्या कुंड्यांना ते वासाचं पाणी घालायला बायकांनी सक्त मनाई केली. राहिली ख्रिसमस ट्री. मी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक एक बादली ओतली, वरून फांद्यांनाही अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकेक. अकरा दुणे बावीस बादल्या. वर येऊन हात धुतले. बायकोने विचारलं, "पाणी मिसळलंत ना?" मी म्हणालो, "श्रद्धेत भेसळ नसते." ती म्हणाली, "बरं," आणि तिने पोळीचा गोळा पोळपाटावर जरा जोरात आपटला.

दोन-तीन आठवड्यांत सुयांची टोकं तांबडी व्हायला लागली.

इथे माझ्यातला विद्वान जागा झाला. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचण्यासाठी घेतलेलं भिंग मी बाहेर काढलं. मोबाइलवर वाचन सुरू केलं. त्या चार दिवसांत मला कळलं ते असं. सुईदार झाडाच्या सुयांचा रंग बदलला तर आधी बघायचं की बदल जुन्या सुयांत आहे की नव्या, टोकाकडून आहे की मधूनच पट्टे आहेत, एका बाजूला आहे की सगळीकडे, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर हळूहळू जातोय की सगळ्यांवर एकदम. बुरशी असेल तर पट्टे आणि काळे ठिपके. पाणी जास्त झालं असेल तर आतल्या, खालच्या फांद्या आधी पिवळ्या, आणि मुळांना कुजका वास. उन्हाने करपलं असेल तर ऊन लागतं तीच बाजू. आणि टोकं जळाल्यासारखी तांबडी, बाकी सुई हिरवी, मध्ये स्वच्छ रेघ, सगळ्या झाडांवर एकाच वेळी, असं असेल तर मातीत क्षार किंवा खत जास्त झालेलं.

ही शेवटची ओळ मी वाचली. माझ्या समोर अगदी तेच होतं, त्या वाक्याचं चित्र काढावं तसं. आणि मी बोटाने पान पुढे सरकवलं, कारण पुढच्या पानावर किडे होते. किड्यांचे फोटो होते. किडे जास्त मनोरंजक.

लाल कोळी नावाचा एक किडा असतो, टाचणीच्या टोकाहून बारीक. सुईतला रस शोषतो. तो आहे की नाही हे बघायची एक सोपी परीक्षा सांगितली होती. झाडाखाली पांढरा कागद धरायचा, फांदीवर टिचकी मारायची, आणि कागदावर लाल ठिपके पडून हलताना दिसले की समजायचं. ठिपका बोटाने पुसावा. लाल रेघ उमटली तर शंकाच नको.

मी कोरा कागद धरला, टिचकी मारली. लाल ठिपके पडले! एक-दोन नाही, डझनभर. आणि हलत होते! आता पोडियमवर वारा असतो, आणि माझा हात गेली काही वर्षं थोडा कापतो, हे मुद्दे तेव्हा माझ्या मनाला शिवले नाहीत. मी ठिपका बोटाने पुसला. स्वच्छ लाल रेघ. मी एकटाच "वा!" म्हणालो.

ते कुंकू होतं. सात घरांच्या गणपतींच्या पायांवरचं हळदकुंकू. माझ्याच बादलीतून त्या फांद्यांवर गेलेलं आणि गाळाबरोबर चिकटून वाळलेलं, पाणी मारूनही न सुटलेलं. जन्मभर कपाळावर, देव्हाऱ्यात, उंबऱ्यावर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात बघितलेलं कुंकू मी भिंगाखाली धरलं आणि त्याला पाय दिसले. आठ पाय. मी अहवालात तसंच लिहिलं आहे.

अहवाल आठ पानांचा झाला. छायाचित्रं, तक्ता, झाडांना अनुक्रमांक. पाचव्या पानावर कारणमीमांसा: हा किडा धुळीत आणि कोरडेपणात वाढतो, सबब झाडांच्या सुया नियमितपणे न धुतल्याने प्रादुर्भाव झाला असल्याचे दिसून येते. झाडं कुणी धुवायची ते लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती. सोसायटीत माळी एकच होता.

दिवाळीच्या आधी कमिटीची बैठक झाली. आमचा सेक्रेटरी चाळिशीतला, मोठ्या कंपनीत, सतत घाईत. बागेचं काम माळ्याकडून काढून एजन्सीला द्यावं असं त्याच्या डोक्यात कधीचं होतं. फक्त निमित्त मिळत नव्हतं.

"काका, आठ पानं कोण वाचणार? एका लाइनीत सांगा. चूक कोणाची?"

"मी तसं नाव घेतलेलं नाही," मी म्हणालो.

"पान पाचवर घेतलंय की."

"तिथेही नाव नाही. कर्तव्यात कसूर असा उल्लेख आहे."

"मग झालं तर. बोलवा त्याला."

माळी आला तो एका हातात झाडाची फांदी आणि दुसऱ्या हातात मूठभर माती घेऊन. चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. सेक्रेटरीने त्याला विचारलं की झाडं का धुतली नाहीस. तो म्हणाला की रोज धुतो. मग माझ्याकडे वळला. भांडायच्या सुरात नाही, एखाद्या जाणत्या माणसाला शंका विचारावी तसा.

"साहेब, ह्यो किडो नाय. किडो असतो तर एका झाडाचो दुसऱ्याक लागलो असतो. ही अकराय झाडां एकदम तांबडी झाली. आनि बगा, सगळीकडे टोकाच जळली हत." त्याने फांदी पुढे केली. "माती खारट लागता."

"लागता म्हणजे?" सेक्रेटरीने विचारलं. "चाखलीस?"

"होय. गणपती गेल्यार हयसर कोणी काय ओतलां काय?"

खोलीत आम्ही नऊ जण होतो. कुणीच बोललं नाही. बाकीचे बोलले नाहीत कारण ड्रममधलं पाणी शेवटी कुठे गेलं हे त्यांना माहीत नव्हतं. मला मात्र त्याच क्षणी बादल्या दिसल्या. बावीसच्या बावीस, ओळीने. मोबाइलवर वाचलेली ती ओळ आठवली. कागदावरचा लाल ठिपका काय होता, तेही कळलं. तोपर्यंत मी मूर्ख होतो, आणि मूर्खपणाचं मला फारसं वाईट वाटत नाही, सवय आहे. आता "मी ओतलं" एवढे दोन शब्द म्हणायचे होते. माळी वाट बघत होता. हातातल्या मातीतले चार कण खाली सांडले, ते त्याने पायाच्या बोटाने एका बाजूला केले, फरशी घाण नको म्हणून.

मी म्हणालो, "सेक्रेटरीसाहेब, ह्याला उद्यापासून मिसळीच्या दुकानात ठेवा. तर्री चाखायला."

काय हसले लोक! सेक्रेटरी तर टेबलावर हात मारून हसला. मी आयुष्यात इतके विनोद केले, पण वेळ इतकी अचूक कधी साधली नव्हती. आणि माळीही हसला. सगळे हसतायत, साहेबांनी विनोद केलाय, आपण हसलो नाही तर बरं दिसणार नाही, असं त्याला वाटलं असावं. मातीची मूठ तशीच धरून तो हसला, आणि त्याच हसण्यात त्याची नोकरी गेली. पाच मिनिटांत बाग एजन्सीला द्यायचा ठराव झाला. अनुमोदन माझं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"विषय निघाला नाही."

"निघाला नाही, की निघालेला बसवलात?"

मी बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसलो.

सात दिवसांनी माळ्याने खोली सोडली. एक ट्रंक, एक गॅसची शेगडी आणि गुंडाळलेली गादी. माहीमला कुणी नातेवाईक होता, त्याच्या पोटमाळ्यावर गेला. मी त्या वेळी गॅलरीत उभा राहून पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर तोंडासमोर धरला होता. झाडांवर मी अहवालातल्या शिफारशीप्रमाणे गंधकाची फवारणी केली, भर दुपारी, म्हणजे क्षारांतून जे वाचलं होतं तेही उन्हात भाजून निघालं. एजन्सीने ती उपटून त्याच जागी त्याच उंचीची प्लास्टिकची अकरा आणून लावली. हे लोकांच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. एका गृहस्थांनी तर माझं अभिनंदन केलं की काका, तुमच्या औषधाने झाडं काय टवटवीत झाली!

कीर्तीचं म्हणाल तर ती जोरात सुरू झाली. सेक्रेटरीने माझा अहवाल ग्रुपवर टाकला होता. तो शिवाजी पार्कला सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर गेला, तिथून दादरच्या कुठल्याशा बागप्रेमींकडे, आणि गिरगावातल्या माझ्या मावसभावाने तो मलाच पाठवला, "अभ्यासपूर्ण, जरूर वाचा" असं वर लिहून. दादरला एका लग्नात जेवणाच्या रांगेत एका अनोळखी गृहस्थाने खिशातून पिवळी पडलेली डहाळी काढली आणि माझ्या ताटावर धरली. मी गुलाबजाम बाजूला सरकवून ती तपासली आणि लाल कोळी असल्याचं सांगितलं. मी सगळ्यांनाच लाल कोळी सांगायचो. सत्य ठाऊक असताना खोटं निदान करायला वेळ फार कमी लागतो.

नवीन वर्ष लागल्यानंतर एका सकाळी माळी दारात उभा. वाळलेला. शर्ट तोच, कॉलर उलटी करून शिवलेली.

माटुंग्याच्या एका सोसायटीत त्याचं जमत आलं होतं. नोकरी आणि वर गच्चीवरची खोली. सगळं ठरलं, आणि मग तिथल्या सेक्रेटरीने चौकशी केली की आधी कुठे होतास. आमचं नाव ऐकताच तो म्हणाला, थांब, हे मी वाचलंय. त्याच्या फोनमध्ये माझा अहवाल होता. पाचवं पान काढून त्याने माळ्याला दाखवलं.

"तुमीच लिवलात," माळी म्हणाला, "आता तुमीच खोडा. चार दिवस थांबतत म्हणालेत."

"आत तरी ये," बायको म्हणाली. तो आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मी आत जाऊन पत्र लिहायला बसलो, आणि लेखणी हातात आली की माझं जे होतं ते झालं. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर झाडांच्या नुकसानीस सदर इसम प्रत्यक्षपणे जबाबदार असल्याचे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही." सुंदर पत्र होतं. मी ते त्याला दिलं. दारातच, बोट फिरवत, त्याने ते वाचलं. पुन्हा वरून वाचलं.

"ह्याच्यात पाणी कोणी ओतलां ता खय लिवलां हा?"

म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून ते मी विचारलं नाही. ड्रम ढवळताना मला अख्ख्या इमारतीने बघितलं होतं. गावाहून परतल्यावर त्याने रिकामे ड्रम बघितले असणार, आणि तरी बैठकीत माझं नाव घेतलं नव्हतं. प्रश्न विचारला होता फक्त, मला उत्तर देता यावं म्हणून.

"असं पत्रात लिहीत नाहीत," मी म्हणालो.

"कोण लिवत नाय?"

बायको मागून आली. तिने त्याच्या हातातून पत्र घेतलं, फाडलं, आणि कोरा कागद दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवला. "इथेच उभं राहून लिहा. बसलात की सुचतं तुम्हाला."

मी उभ्याने लिहिलं. झाडांना औषधी पाणी मी ओतलं. न मिसळता ओतलं. किडा नव्हता. माळ्याचा काही दोष नाही, माझा अहवाल चुकीचा आहे. खाली सही, सोसायटीचा पत्ता, फोन नंबर. साडेतीन ओळी. छत्तीस वर्षांत मी लिहिलेला सगळ्यात लहान कागद. माळ्याने वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि गेला. मला फार हलकं वाटलं. त्या दिवशी मी दोन वेळा चहा मागितला, आणि बायकोने कुरकुर न करता दिला.

तिसऱ्या दिवशी माटुंग्याच्या सेक्रेटरींचा फोन आला. आवाज वयस्क, प्रेमळ.

"तुमचं पत्र पोचलं," ते म्हणाले. "खरं सांगू? वाचून डोळे भरून आले माझे. एका माळ्यासाठी स्वतःच्या नावाला काळं फासून घ्यायचं, आजच्या जगात कोण करतं हे?"

"अहो, ते खरं आहे," मी म्हणालो. "मीच ओतलं पाणी."

"बरोबर आहे, तुम्ही असंच म्हणणार."

"बावीस बादल्या ओतल्या हो!"

"काका, मी तुमचा अहवाल तीनदा वाचलाय. इतका बारकाईने अभ्यास करणारा माणूस सूचना न वाचता झाडांना काही ओतेल? आठ पानं तुम्ही अभ्यासून लिहिलीत. आणि ह्या तीन ओळी, अक्षर बघा तुमचं. कापतंय. उभ्या उभ्या लिहून घेतलंय तुमच्याकडून. दारात येऊन बसला होता ना?"

"उभा होता. आणि माझा हात कापतोच," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय. म्हाताऱ्या माणसाला घाबरवायचं म्हणजे काय! काळजी करू नका, आम्ही त्याला नाही घेतलं. तुमच्या सेक्रेटरींच्या कानावरही घातलंय मी."

मी आणखी बरंच बोललो. ओरडलोही. जितकं जास्त बोललो तितके ते जास्त हळवे झाले. शेवटी म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून," आणि काय आहे ते न सांगता त्यांनी फोन ठेवला.

दुपारी इंटरकॉमवर वॉचमन. "काका, तो जुना माळी गेटवर आलाय. सेक्रेटरीसाहेबांनी आत सोडायचं नाही सांगितलंय. तुम्हाला त्रास देतो म्हणून. तो म्हणतो हत्यारं राहिलीत पंपरूममध्ये. स्वतःची आहेत म्हणतो."

मी खाली गेलो. खोली सोडताना त्याने खुरपी, कोयता, फवारणीचा पंप तिथेच ठेवला होता, कुठे काम लागलं की घेऊन जाईन म्हणून. आता काम लागलं नव्हतं, तरी न्यायला आला होता. सामान मी काढलं, तर वॉचमन म्हणाला गेटपास लागेल. इमारतीतून वस्तू बाहेर जायची तर सेक्रेटरीची सही. नियम कमिटीचा, मसुदा माझा. सेक्रेटरी घरून काम करत होता. त्याने सही केली आणि म्हणाला, "काका, तुम्ही फार साधे आहात हो. लोक गैरफायदा घेतात."

गेटच्या बाहेर माळी रस्त्याच्या कडेला उभा होता. मी सामान खाली ठेवलं. माटुंग्याला त्याला काय काय ऐकवलं असेल याचा अंदाज मला होता. म्हाताऱ्याकडून लिहून घेतोस, लाज नाही वाटत, वगैरे.

"मी फोनवर खरं सांगितलं त्यांना," मी म्हणालो. "पुन्हा पुन्हा सांगितलं."

"सांगल्यात असतलात," तो म्हणाला, आणि खाली बसून हत्यारं मोजायला लागला. मग वर बघितलं. "कातर नाय."

कातर माझ्या घरी होती. झाडांचे नमुने कापायला म्हणून मी ती नेली होती आणि परत ठेवायची राहिली होती. मी पुन्हा चौदा मजले वर गेलो. कातर स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांबरोबर सापडली. खाली आलो. तिच्यासाठी वॉचमनने वेगळा पास मागितला, तेव्हा मी त्याच्यावर असा ओरडलो की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. त्याने सोडलं.

माळ्याने कातर हातात घेतली. उघडली, मिटली. पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मधोमध एक खाच पडली होती, तिथे नख अडकलं. त्याने ती उजेडात धरून बघितली, मग माझ्याकडे.

"ह्याच्यान तार कापलात?"

झाडांना अनुक्रमांकाच्या पाट्या बांधायला मी तार कापली होती.

"हो," मी म्हणालो.

त्याने कातर पिशवीत टाकली, पंप खांद्याला लावला आणि दादरच्या दिशेने चालायला लागला.